शटडाऊनचं लोडशेडिंग

लहानपणी साताऱ्यात लोडशेडिंगची वेळ झाली की बाबा ओरडायचे, "आधी शटडाऊन कर!" एकदा उशीर झाला आणि दुकानाचा महिन्याचा हिशोब उडाला. सांगलीला इंजिनिअरिंगला गेल्यावर कारण कळलं: 'सेव्ह' केलेला डेटा काही क्षण कॅशमध्येच असतो, डिस्कवर नाही.

गंमत म्हणजे १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनने हेच लोडशेडिंग स्वतःवर ओढवून घेतलं! कॉम्प्युटर वेगवान झाले आणि शटडाऊन करताना डिस्कची कॅश लिहून व्हायच्या आतच वीज तुटायला लागली. मग पुढच्या वेळी स्कॅनडिस्क, नाहीतर खराब फाइल्स. मायक्रोसॉफ्टच्या पॅचमधला उपाय? वीज तोडण्याआधी चक्क २ सेकंद थांबायचं!

तर मंडळी, शटडाऊन रेंगाळला तर लगेच पॉवर बटण दाबू नका. कदाचित तो अजून लिहितोय. बाबा बरोबर होते.