थर्मोस्टॅट आणि ऋतू : अमेरिकी घरातील सुखकारक तापमानाचा इतिहास

प्रस्तावना

घरात ऊब किती असावी आणि गारवा किती असावा, हा प्रश्न वरवर पाहता वैयक्तिक आवडीनिवडीचा वाटतो. ज्याला थंडी वाजते त्याने पांघरूण घ्यावे, ज्याला उकडते त्याने खिडकी उघडावी, इतका तो साधा दिसतो. परंतु विसाव्या शतकातील अमेरिकेत हाच प्रश्न अभियंत्यांच्या प्रयोगशाळांत, शासकीय आदेशांत आणि राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांतही येऊन पोहोचला. याला कारणीभूत ठरले ते भिंतीवरील एक लहानसे उपकरण, थर्मोस्टॅट. या उपकरणाने ऊब आणि गारवा या अनुभूतींना अंकाचे रूप दिले. अंक आला की तो कोणी ठरवायचा, हा वादही ओघानेच आला.

प्रस्तुत निबंधात १८८३ ते १९८१ या कालखंडातील अमेरिकेच्या अनुभवाचा प्रामुख्याने विचार केला असून, त्याच्या प्रकाशात भारतातील अलीकडच्या धोरणाकडे पाहिले आहे. सुखकारक तापमान ही मानवी शरीराने एकदाच ठरवून दिलेली गोष्ट नाही. इंधन, पोशाख आणि निर्णयाचा अधिकार या तीन घटकांच्या परस्परसंबंधांतून ते घडत गेले, असे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

भट्टी, झडप आणि शिपाई

तापमान आपोआप राखण्याची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये वास्तव्यास असलेल्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याच्या पेटीत पाऱ्याच्या साहाय्याने उष्णता नियंत्रित करणारी रचना केली होती. 'थर्मोस्टॅट' हे नाव मात्र स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू युर यांनी १८३० च्या सुमारास आपल्या द्विधातू पट्टीच्या उपकरणाला दिले. दोन भिन्न धातूंची जोडपट्टी तापली की एका बाजूला वाकते. या वाकण्यातून झडप उघडावी वा मिटावी, हे त्याचे तत्त्व होते. त्याचा उपयोग कारखान्यांपुरता कल्पिलेला होता. घराशी त्याचा संबंध येण्यास आणखी अर्धशतक जावे लागले.

हा संबंध एका अध्यापकामुळे आला, ही बाब महाविद्यालयीन वाचकांना विशेष वाटावी. विस्कॉन्सिन राज्यातील व्हाईटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरेन जॉन्सन हे प्राध्यापक होते. तेथे तळघरातील भट्टीची ऊब वर्गांत पोहोचत असे. कोणता वर्ग थंड आहे आणि कोणता तापला आहे, हे पाहण्यासाठी शिपायाला वर्गावर्गांत डोकवावे लागे आणि मग खाली जाऊन झडपा हलवाव्या लागत. अध्यापनात येणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सन यांनी वर्गातून तळघरात विजेचा संकेत पाठवणारे उपकरण तयार केले. त्याचे एकस्व त्यांना १८८३ मध्ये मिळाले आणि १८८५ मध्ये मिलवॉकी येथे त्यांची कंपनी उभी राहिली. या पहिल्या उपकरणाने शिपायाचे श्रम संपवले नाहीत. झडप हलवण्यासाठी तो लागतच होता. मात्र केव्हा हलवायची, हा निर्णय त्याच्या हातून निघून भिंतीवरील यंत्राकडे गेला.

जवळपास त्याच सुमारास, १८८५ मध्ये, मिनियापोलिस येथे अल्बर्ट बुट्झ यांनी पुढचे पाऊल टाकले. खोलीचे तापमान ठरावीक मर्यादेखाली गेले की विद्युतमंडल पूर्ण होई, एक लहान मोटर फिरे, साखळी ओढली जाई आणि कोळशाच्या भट्टीची हवेची झडप उघडे. खोली पुरेशी तापली की झडप पुन्हा मिटे. पहाटे अंधारात तळघरात उतरून झडप उघडण्याचे घरच्या माणसाचे काम त्यामुळे सुटले. बुट्झ यांच्या उद्योगाचा वारसा चालवणारी कंपनी १९२७ मध्ये मार्क हनीवेल यांच्या कंपनीत विलीन झाली आणि 'मिनियापोलिस-हनीवेल' हे नाव रूढ झाले.

'सुखकारक पट्ट्या'चा शोध

यंत्र तयार झाले, पण ते कोणत्या अंकावर ठेवावे, याचे उत्तर यंत्राकडे नव्हते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शाळांच्या संदर्भात हा वाद तीव्र झाला. बंद इमारतीत यंत्राद्वारे हवा खेळवावी, असे अभियंत्यांचे म्हणणे होते. तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात, असा मोकळ्या हवेच्या पुरस्कर्त्यांचा आग्रह होता. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक सी. ई. ए. विन्स्लो यांच्या अध्यक्षतेखालील न्यूयॉर्क राज्याच्या वायुवीजन आयोगाने १९२३ मधील आपल्या अहवालात वर्गखोल्या अति तापवण्यावर टीका केली आणि खिडक्यांद्वारे होणाऱ्या वायुवीजनाला अनुकूलता दर्शवली.

त्याच वर्षी पिट्सबर्ग येथील तापन अभियंत्यांच्या संशोधन प्रयोगशाळेतून हॉटन आणि याग्लू यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. नियंत्रित खोल्यांत माणसांना बसवून त्यांनी तापमान, आर्द्रता आणि हवेचा वेग यांच्या कोणत्या संयोगात माणसांना समान सुख वाटते, याच्या रेषा आखल्या. 'सुखकारक पट्टा' ही संकल्पना येथून रूढ झाली. पुढे १९२९ मध्ये याग्लू आणि ड्रिंकर यांनी उन्हाळ्यासाठी स्वतंत्र अभ्यास केला. त्याच माणसांना उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा काही अंशांनी अधिक तापमान सुखकारक वाटते, असे त्यात आढळले. आणि त्याचा संबंध हवामानाशी व पोशाखाशी जोडला गेला. म्हणजेच वर्षभर एकच अंक राखता येईल असे यंत्र हाती आले असतानाच शरीर मात्र ऋतू विसरलेले नाही, हे खुद्द अभियंत्यांच्याच प्रयोगांनी दाखवून दिले होते.

पोशाखाचे मोजमाप १९४१ मध्ये निश्चित झाले. गॅग, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी 'क्लो' हे एकक सुचवले. सुमारे ७० अंश फॅरनहाइट (२१ अंश सेल्सिअस) तापमानाच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखकर ठेवील एवढा पोशाख म्हणजे एक 'क्लो'. हे प्रमाण त्या काळच्या पुरुषी सूटाशी जुळणारे होते. खोलीचा अंक आणि अंगावरचा सूट अशा रीतीने एकमेकांना बांधले गेले. या गाठीचे परिणाम पुढे दीर्घकाळ जाणवले.

भिंतीवरील गोल तबकडी

दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाची जागा तेलाने व नैसर्गिक वायूने घेतली. राख काढणे आणि कोळसा टाकणे ही कामे संपली, तसा इंधनाशी असलेला घरच्या माणसाचा प्रत्यक्ष संबंधही संपला. १९५३ मध्ये हेन्री ड्रेफस यांनी आरेखित केलेला हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट बाजारात आला. कोणत्याही भिंतीवर शोभणारी ती तबकडी बोटांनी फिरवणे एवढीच कृती आता उरली. त्याच काळात घरगुती वातानुकूलन यंत्रांचा प्रसार सुरू झाला आणि १९८० पर्यंत निम्म्याहून अधिक अमेरिकी घरांत ते पोहोचले. जानेवारीत बिनबाह्यांचा सदरा आणि जुलैत लोकरी जाकीट घालून घरात वावरता येईल, अशी स्थिती आली. ऋतू जणू दाराबाहेर राहिले.

या सुखाची किंमत महिनाअखेरीच्या देयकात लपलेली होती. कोळशाची रास डोळ्यांदेखत कमी होत असे. नळातून येणारा वायू आणि तारेतून येणारी वीज कमी होताना दिसत नाही.

टंचाई आणि राष्ट्राचा थर्मोस्टॅट

सुखकारक तापमान हा खासगी विषय राहत नाही, हे इंधनटंचाईच्या प्रत्येक प्रसंगी स्पष्ट झाले. १९४२ मध्ये तेलाचे नियंत्रित वाटप सुरू झाले, तेव्हा घरे ६५ अंश फॅरनहाइटवर (सुमारे १८ अंश सेल्सिअस) ठेवण्याचे आवाहन करण्यात आले. युद्ध संपले आणि हा अंक विस्मृतीत गेला.

तो परत आला १९७३ मध्ये. अरब देशांच्या तेलबंदीनंतर ७ नोव्हेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी नागरिकांना घरातील थर्मोस्टॅट किमान ६ अंशांनी खाली आणण्यास सांगितले. दिवसा राष्ट्रीय सरासरी ६८ अंश (२० अंश सेल्सिअस) व्हावी, हे उद्दिष्ट होते. कमी तापमान प्रकृतीला अधिक हितकर असते, असा आपल्या डॉक्टरांचा हवालाही त्यांनी दिला. २ फेब्रुवारी १९७७ रोजी, कडाक्याच्या हिवाळ्यात नैसर्गिक वायूची टंचाई भासत असताना, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले. दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश (सुमारे १३ अंश सेल्सिअस) तापमान राखल्यास टंचाईचा निम्मा भार हलका होईल, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या स्वेटरचा अर्थ शब्दांवाचूनही स्पष्ट होता : अंक खाली आणायचा असेल तर पोशाख बदलावा लागेल.

जुलै १९७९ मध्ये आवाहनाची जागा नियमाने घेतली. निवासी नसलेल्या बहुतेक इमारती उन्हाळ्यात ७८ अंशांपेक्षा (सुमारे २६ अंश सेल्सिअस) अधिक गार करू नयेत आणि हिवाळ्यात ६५ अंशांपेक्षा अधिक तापवू नयेत, असे बंधन आले. घरे, रुग्णालये आणि हॉटेलांतील निवासाच्या खोल्या त्यातून वगळल्या होत्या. उंबरठ्याच्या आत शासनाचा अंक गेला नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी हा नियम मागे घेतला. या सर्व घटनाक्रमात उन्हाळा आणि हिवाळा यांसाठी दोन स्वतंत्र अंक राजकीय भाषेत प्रथमच ठळकपणे मांडले गेले. यंत्राने पुसलेला ऋतुभेद टंचाईने पुन्हा लिहिला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कोणाचे शरीर, कोणाचे ज्ञान ?

याच काळात शास्त्रीय विचारातही दोन प्रवाह निर्माण झाले. डेन्मार्कचे पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये शरीराच्या उष्णता-संतुलनावर आधारित गणिती सूत्र मांडले. त्यांच्या मते योग्य माहिती पुरवली की कोणत्याही खोलीसाठी सुखकारक तापमान काढता येते. याउलट मायकेल हम्फ्रीज आणि फर्गस निकोल यांनी प्रत्यक्ष वापरातील इमारतींच्या अभ्यासावरून असे प्रतिपादन केले की, माणसे खिडक्या, पंखे आणि कपडे यांच्याद्वारे परिस्थितीशी जुळवून घेतात आणि त्यांना सुखकर वाटणारे तापमान बाहेरच्या हवामानाबरोबर बदलते. डी डिअर आणि ब्रेगर यांच्या १९९८ मधील विस्तृत अभ्यासानंतर, २००४ च्या अमेरिकी मानकात नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतींसाठी हा दृष्टिकोन स्वीकारला गेला. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील किंग्मा आणि व्हॅन मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी आणखी एक उणीव दाखवली. प्रचलित मानकातील चयापचयाचा दर सरासरी पुरुषाच्या शरीरावरून घेतला असल्याने स्त्रियांचा दर ३५ टक्क्यांपर्यंत अधिक गृहीत धरला जाण्याची शक्यता होती. कार्यालयात शाल पांघरून बसणाऱ्या स्त्रीची तक्रार नाजूकपणाची नव्हे, मोजमापाची होती.

वापरकर्त्याच्या ज्ञानाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. विलेट केम्प्टन यांनी मिशिगन राज्यातील रहिवाशांच्या मुलाखतींवर आधारलेल्या १९८६ मधील निबंधात दोन धारणा नोंदवल्या. काही जण थर्मोस्टॅटला ठरावीक तापमान राखणारे साधन मानतात, तर काही जण तो पाण्याच्या तोटीसारखा समजतात : अधिक फिरवला की अधिक जोराने ऊब येईल. साधी भट्टी एका ठरावीक वेगानेच उष्णता देते. अंक वाढवल्याने खोली लवकर तापत नाही, केवळ अधिक काळ तापत राहते. अभियंत्यांच्या दृष्टीने दुसरी धारणा चुकीची असली, तरी व्यवहारात तिच्यामागे काही अनुभव असतो, असे केम्प्टन यांनी दाखवले. ऋतूनुसार व वेळेनुसार आपोआप बदलणाऱ्या थर्मोस्टॅटची कथाही अशीच आहे. अशा उपकरणांना १९९५ पासून दिले जाणारे शासकीय बचतचिन्ह २००९ च्या अखेरीस थांबवण्यात आले, कारण अनेक घरांत ती सोय वापरलीच जात नव्हती.

भारतीय संदर्भ

भारतात तापनापेक्षा शीतनाचा प्रश्न मोठा आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ऑक्टोबर २०१९ मधील अधिसूचनेनुसार १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रांसाठी २४ अंश सेल्सिअस हे प्रारंभिक तापमान अनिवार्य झाले. यंत्र सुरू होताना हा अंक दिसतो. तो बदलण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला आहे. प्रत्येक अंशाच्या वाढीमागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे म्हणणे आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी यंत्रांची कक्षाच २० ते २८ अंशांपर्यंत मर्यादित करण्याचा विचार जाहीर केला. सौम्य सूचना आणि बंधन यांमधील हे अंतर १९७७ आणि १९७९ मधील अमेरिकेच्या अंतरासारखेच आहे. फरक एवढाच की तेथील नियमाने घर वगळले होते; यंत्राच्या रचनेतूनच येणारी मर्यादा घर आणि कार्यालय असा भेद करीत नाही.

अमेरिकेच्या अनुभवातून येथे दोन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली, एक अंक हवामानाची पूर्ण कल्पना देत नाही. मुंबईच्या दमट हवेतील २४ अंश आणि विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यातील २४ अंश हा शरीराला सारखा अनुभव नव्हे. विदर्भात पाण्याचा कूलर उपयोगी पडतो आणि किनारपट्टीवर पडत नाही, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. दुसरी, सुती कपडे, छताचा पंखा आणि दुपारी बंद ठेवलेल्या खिडक्या ही जुळवून घेण्याची साधने आपल्याकडे अद्याप प्रचारात आहेत. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात पाच हवामान-विभागांतील भारतीय कार्यालयांचे निरीक्षण होते. बाहेरच्या हवामानाबरोबर येथील माणसांचे सुखकारक तापमानही वर सरकते, असे त्यात दिसून आले.

समारोप

शिपायाकडून यंत्राकडे, यंत्राकडून अभियंत्याकडे, अभियंत्याकडून शासनाकडे आणि पुन्हा घरातील माणसाकडे असा तापमानाच्या निर्णयाचा प्रवास झाला. या प्रवासात अंक बदलत राहिला. इंधन मुबलक असताना तो वर्षभर एकसारखा राहिला आणि टंचाई येताच ऋतूंप्रमाणे विभागला गेला. कार्टर यांचे आवाहन तर्काच्या दृष्टीने योग्य होते. तथापि संकटाच्या वेळी वरून आलेला अंक संकट संपताच सोडून दिला जातो, हेही इतिहासाने दाखवले. भारतात घरगुती वातानुकूलनाचा व्यापक प्रसार अद्याप व्हावयाचा आहे. पंखा, पोशाख आणि खिडकी यांविषयीचे आपले ज्ञान विसरण्यापूर्वी ते इमारतींच्या रचनेत आणि धोरणात सामावून घेण्याची संधी त्यामुळे आपल्याला आहे. अमेरिकेला ते विसरल्यानंतर पुन्हा शिकावे लागले.