तळटीप १४ : गॅस कटिंग

१४. गॅस कटिंग : नांदेड-लातूरकडील फॅब्रिकेशनच्या दुकानांत जाड पत्रा, अँगल वा चॅनेल कापण्याची ही रीत होय. ऑक्सिजन व अ‍ॅसिटिलीन यांच्या ज्योतीने लोखंड सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की ते वितळण्याऐवजी अक्षरशः जळते आणि त्याचा ऑक्साइडरूपी मळ झोताबरोबर उडून जातो. कडेला चिकटलेला मळ ग्राइंडरने काढतात, अन्यथा वेल्डिंगचा सांधा कच्चा राहतो. मजकुरातील ‘कार्बाइडची टाकी’ म्हणजे कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याची क्रिया घडवून अ‍ॅसिटिलीन जागेवरच तयार करणारे भांडे. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर हे ज्वलन रोखतो. त्यामुळे डाळमिलचे स्टीलचे काम कारागिराने परत पाठवणे हा, निवेदक समजतो तसा, आडमुठेपणा नव्हे.