खुलताबाद : एका कबरीपलीकडचं गाव

खुलताबादचं नाव निघालं की चर्चा एकाच कबरीवर येऊन थांबते. प्रत्यक्षात हे अख्खं गावच इतिहासाचं दालन आहे. छत्रपती संभाजीनगरपासून (औरंगाबाद) साधारण २५ किलोमीटरवर, वेरूळच्या लेण्यांजवळ, डोंगरमाथ्यावर हे गाव वसलं आहे.

याचं जुनं नाव रौजा. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानी केली, तेव्हा दिल्लीहून अनेक सूफी बुजुर्ग दख्खनला आले. हजरत बुरहानुद्दीन गरीब (वफात १३३७) आणि त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यांभोवती वस्ती वाढली. हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद, कवी अमीर हसन सिज्जी यांची कबरही इथेच आहे.

औरंगजेबाचं १७०७ मध्ये अहमदनगरला निधन झालं आणि दफन इथे, जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात. ती कबर साधी, मातीची, वर छत नसलेली. संगमरवरी जाळी नंतर निजामाच्या काळात बसली. मृत्यूनंतर बादशहाला ‘खुल्द-मकां’ म्हणत, त्यावरून गावाचं नाव पडलं. ‘खुल्द’ म्हणजे जन्नत. पहिले निजाम आसफजाह (मृत्यू १७४८) बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात दफन आहेत.

इथली बांधणी समजून घेण्यासारखी आहे. गावाला दगडी तटबंदी, त्यात नगारखाना, पांगरा असे दरवाजे. काळा बेसाल्ट दगड, चुन्याचा गिलावा, कमानी, घुमट, दगडी जाळ्या. गावाबाहेर मलिक अंबरचा (मृत्यू १६२६) घुमटाचा मकबरा आहे. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला.

आता मुद्दा जतनाचा. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच करता येतं. शेजारी राहणाऱ्या कुटुंबांना हे जाचक वाटतं, ते आम्ही समजू शकतो. पण १०० मीटरच्या आतही जुन्या घराची दुरुस्ती सरसकट बंद नाही. घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. घर जुनं असल्याचा पुरावा, म्हणजे घरपट्टीच्या पावत्या, नकाशा वगैरे, जपून ठेवा.

पण कायदा सगळीकडे पोहोचत नाही. यादीबाहेरच्या कबरी, कमानी, बावड्या आपल्याच भरवशावर आहेत. अकीदत म्हणून आपण जुन्या दगडावर ऑइलपेंट मारतो, टाइल्स बसवतो, भेग सिमेंटने बुजवतो. नियत चांगली असते, पण नुकसान होतं. चुना श्वास घेतो, सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, आणि मग दगड खपल्या टाकू लागतो. म्हणून दुरुस्ती चुन्यानेच, जाणकाराला विचारून करावी.

पुढच्या वेळी जियारतला जाल तेव्हा मुलांना सोबत न्या. फातेहा झाल्यावर दहा मिनिटं वेशीपाशी थांबा आणि त्यांना दाखवा, हे कुणी, कधी, कशाने बांधलं. जी वास्तू मुलांना माहीतच नाही, ती उद्या ती जपणार तरी कशी?