आंघोळीच्या पाण्याचा इतिहास

आमच्या भागाचा इतिहास सांगायचा म्हटला, की लोक १ नोव्हेंबर १९५६ या तारखेपाशी येऊन थांबतात. त्या दिवशी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि निपाणी-कागल या शेजारच्या गावांमध्ये राज्याची हद्द आली. मग मोर्चे, महाजन आयोग, २०१४ साली बेळगावचं बेळगावी होणं, हे सगळं ओघानं येतं. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मी बी.ए.ला इतिहास घेतलेली, संसारात रमलेली बाई. मला गेली काही वर्षं वेगळाच प्रश्न पडतो. या सगळ्या काळात घरोघरी आंघोळीचं पाणी कोण तापवत होतं, आणि कशावर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं. घरातली बाई. निपाणी, चिकोडी, सदलगा या पट्ट्यात तुळईची घरं असोत की कौलारू, मागच्या अंगाला न्हाणी आणि न्हाणीच्या तोंडाशी चुलवण. त्यावर तांब्याचा हंडा नाहीतर बंब. बंबाची रचना हुशारीची. मधोमध उभी नळी, त्या नळीत जाळ, भोवती पाणी. धूर वरून बाहेर. जळण म्हणजे शेणी, तुरकाट्या, उसाचं पाचट, जे मिळेल ते. पाचट भुर्रकन पेटतं आणि भुर्रकन विझतं, म्हणून त्यावर पाणी तापवणारीला जागचं हलता येत नसे.

आम्हा जैनांच्या घरी यात आणखी एक काम असे. जळण झटकून, न्याहाळून घ्यायचं. शेणीच्या खाली किडा, लाकडाच्या भेगेत वाळवी नाही ना, हे पाहिल्याशिवाय जाळात घालायचं नाही. पावसाळ्यात तर एकेक काटकी उलटून बघायची. आणि हे सगळं उजाडताना, कारण आंघोळ झाल्याशिवाय देवळात जायचं नाही, दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. गावात महाराज आलेले असले आणि घरी चौका लावायचा असला, की सासूबाई अंधारातच उठत. त्या सांगत, पाण्याचा क्रम ठरलेला असे. आधी सासरे, मग दीर, मग शाळेची मुलं, मग सासू. सुनेची पाळी येईपर्यंत बंबाच्या तळाशी कोमट पाणी उरलेलं असे. जिनं जाळ घातला तिच्या वाट्याला ऊब सगळ्यांत कमी, हा हिशेब कोणाच्याच वहीत लिहिलेला नाही.

आता दुसरा प्रश्न, कशावर. पाणी तापवायला उष्णता किती लागते याचं गणित कोणत्याही चुलीवर तेच राहतं. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी एक बादली धरली, तर शंभर लिटर पाणी होतं. थंडीत नळाचं पाणी साधारण २० अंशांवर असतं. ते ६० अंशांपर्यंत न्यायचं तर विजेच्या गीझरला जवळजवळ पावणेपाच युनिट लागतात. महिन्याचे १४० युनिट झाले. तेवढीच उष्णता शेणीतून काढायची तर किती जाळावं लागेल ते ज्यांनी जाळलं त्यांनाच ठाऊक, कारण बंबातली निम्म्याहून जास्त धग धुराबरोबर वर निघून जाते.

सूर्य हे काम करू शकतो हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होतं. उन्हात ठेवलेली पाण्याची घागर संध्याकाळी कोमट लागते, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. पण ती ऊब टिकवायची कशी? १७६७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या होरेस द सोस्यूर या शास्त्रज्ञानं काचेची झाकणं असलेली पेटी करून उन्हात ठेवली. आतली उष्णता पाणी उकळेल एवढी वाढली. ऊन काचेतून आत जातं, आतला काळा पृष्ठभाग तापतो, आणि ती धग काचेतून सहज बाहेर पडत नाही. एवढंच त्यातलं रहस्य. पुढचे सगळे हीटर या पेटीचीच लेकरं आहेत.

आपल्या जवळची गोष्ट म्हणजे मुंबईची. तेव्हा बेळगावही मुंबई इलाख्यातच होतं. तिथं विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७८ मध्ये उष्ण देशांत जळणाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी यावर पुस्तक लिहिलं. त्यानं आरसे लावून उन्हावर अन्न शिजवायची आठकोनी पेटी केली, वाफेचं इंजिनही चालवून दाखवलं. त्याला दिसलं होतं की या देशात लाकूड महाग होत चाललंय आणि कोळसा बोटीनं आणावा लागतोय. त्याचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. सरकारला रेल्वेची आणि गिरण्यांची फिकीर होती, न्हाणीतल्या जाळाची कोणाला असणार?

न्हाणीचा विचार पहिल्यांदा धंदा म्हणून केला तो अमेरिकेत, बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं. १८९१ मध्ये त्यानं काळ्या रंगाच्या पाण्याच्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून त्याचं पेटंट घेतलं. मला त्याच्या जाहिरातीची गंमत वाटते. ती होती पुरुषांसाठी. उन्हाळ्यात बायका नोकराणींना घेऊन हवापालटाला जात, मागे राहिलेल्या नवऱ्यांना पाणी तापवायची सवय नसे, त्यांची सोय व्हावी म्हणून हा हीटर! म्हणजे बाई रोज जाळ घालत होती तोवर तो प्रश्न नव्हता. पुरुषावर वेळ आली तेव्हा यंत्र निघालं. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावात १८९७ पर्यंत जवळजवळ तीसपैकी नऊ घरांवर असे हीटर होते.

पण केम्पच्या टाकीत पाणी आणि ऊन एकाच पेटीत होतं. रात्र झाली की पाणी गार. १९०९ मध्ये विल्यम बेली यानं दोन्ही वेगळे केले. पाणी तापवणारी पेटी खाली आणि गरम पाण्याची टाकी वर, तीही चहूबाजूंनी गुंडाळलेली. म्हणून त्याच्या हीटरचं नावच 'दिवस आणि रात्र' असं होतं. आज तुमच्या-माझ्या स्लॅबवर जे बसलंय ते याच घराण्यातलं. पुढे तिकडे स्वस्त गॅस आला आणि हीटर मागे पडले. मग इस्रायलनं ते उचलले आणि १९८० मध्ये नव्या घरांना सक्तीचे केले. भारतात १९७३ च्या तेलटंचाईनंतर हालचाल सुरू झाली आणि १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचं वेगळं खातं निघालं.

हे चालतं कसं, हे मी आमच्याकडे सोलर बसवायला आलेल्या मिस्त्रीला विचारून विचारून समजून घेतलं. यात मोटर नाही, पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होतं आणि वर चढतं, गार पाणी जड म्हणून खाली उतरतं. आमटीच्या पातेल्यात तळाची डाळ वर येते तसंच. उतरत्या पेटीत काळ्या पत्र्याला चिकटवलेल्या तांब्याच्या नळ्या असतात. त्यातलं पाणी तापून वरच्या टाकीत जातं, टाकीच्या तळाचं गार पाणी त्याच्या जागी येतं. दिवसभर ही फेरी चालू. म्हणूनच टाकी पेटीच्या वरच हवी. रात्री पेटीतलं पाणी गार होतं, पण जड झाल्यामुळे खालीच बसतं, वरच्या गरम पाण्याला हात लावत नाही. टाकीभोवती जाड लपेट असतो, ती सकाळपर्यंत ऊब धरून ठेवते. संध्याकाळी भरलेली टाकी पहाटे वापरायची, हा बेलीचाच शोध.

पेटीचं तोंड दक्षिणेला का, असंही मी विचारलं. आपल्याकडे थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, डिसेंबरात तर भर दुपारीही. आणि गरम पाणी लागतं थंडीतच. मे महिन्यात सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाही जातो, पण तेव्हा कोण कढत पाणी मागतंय?

दुसरा प्रकार काचेच्या नळ्यांचा. एकात एक दोन नळ्या, मधली हवा काढून टाकलेली. चहाच्या थर्मासमध्ये असतं तेच तत्त्व. आमच्या भागात बोअरचं पाणी जड, पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो. तोच थर तांब्याच्या बारीक नळ्यांत बसला की दोन-चार वर्षांत पाणी तापेनासं होतं. काचेच्या नळ्या रुंद, त्यांना जड पाणी जास्त सोसतं. म्हणून बोअरवाल्यांनी बसवण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी. एक गोष्ट जाणकार बायका विचारतातच, म्हणून सांगते. सोलरचं पाणी तापलेलं असलं तरी उकळलेलं नसतं, आणि टाकीत साठलेलं असतं. ते आंघोळीला आणि भांड्यांना. पिण्याचं पाणी गाळून, उकळूनच.

आता पुन्हा हद्दीकडे येऊ. ऊन निपाणीतही तेच, कागलातही तेच. पण इकडे हेस्कॉमचं बिल आणि तिकडे महावितरणचं. २००७ मध्ये कर्नाटक सरकारनं शहरांतल्या ठराविक आकाराच्या नव्या घरांना सोलर हीटर सक्तीचा केला. ज्यांनी बसवला त्यांना बिलात युनिटला ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सूट मिळू लागली. ५० रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे, पण नवऱ्यांना पटवायला ती उपयोगी पडली. बंगळूरच्या गच्च्यांवर टाक्यांच्या रांगा दिसतात त्यामागे हे धोरण आहे. २०१० मध्ये केंद्राचं सौर मिशन आलं, काही वर्षं अनुदानही मिळालं, मग ते बंद झालं. २०२३ मध्ये कर्नाटकात गृहज्योती योजना आली. २०० युनिटांच्या आत, घराच्या आधीच्या वापराला धरून, बिल शून्य. माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, आता सोलर कशाला? मी त्यांना १४० युनिटांचा हिशेब मांडून दाखवला. एकटा गीझर एवढं खात असेल, तर फ्रिज, पंखे, मिक्सर, बोअरची मोटर कुठं बसवणार? आणि एक लक्षात ठेवा. २०२४ पासून सरकार ज्या सोलरची जाहिरात करतंय तो वीज बनवणारा. पाणी तापवणारा वेगळा. दोन्ही स्लॅबवरच बसतात, म्हणून गल्लत होते.

इथवरचा इतिहास चांगला आहे. पण स्लॅब हा शब्द मी किती वेळा लिहिला ते बघा. ज्याला स्लॅब आहे त्याच्यासाठीच हा सूर्य उतरला. निपाणी हे तंबाखूचं गाव. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायका संध्याकाळी घरी येतात तेव्हा अंगाला, केसांना ती बारीक धूळ चिकटलेली असते, घशात ठसका बसलेला असतो. गरम पाण्याची खरी गरज तिला. तिचं घर पत्र्याचं. शंभर लिटर पाण्याचंच वजन शंभर किलो, वर टाकी आणि काच. पत्रा ते पेलत नाही. भाड्याच्या खोलीत असेल तर वरचा सोलर घरमालकाचा. आमच्याच गल्लीत अशी तीन घरं आहेत, वर लखलखती टाकी आणि खालच्या भाडेकरणीच्या दारात अजून चुलवण धुमसतंय.

आणि ज्यांच्याकडे स्लॅब आहे, टाकी आहे, त्यांच्या घरातही पाइप कुठवर गेलाय ते पाहा. बहुतेक ठिकाणी तो न्हाणीघरात संपतो. मिस्त्री विचारतो, 'बाथरूम किती?' भांड्याची मोरी किती, हे तो विचारत नाही, कारण सांगणारा पुरुष असतो. डिसेंबरात सकाळी साडेसहाला तुपकट भांडी घासायला बसणाऱ्या बाईचे हात, मग ती घरची सून असो की कामाची मावशी, अजून बर्फासारख्या पाण्यात. माझी कन्नड शेजारीण म्हणते, 'बिसी नीरु' हवं तर न्हाणीतून बादली भरून आण. म्हणजे शंभर वर्षांनंतरही पाणी वाहून न्यायचं काम तिचंच.

आम्ही घर दुरुस्त केलं तेव्हा मी दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या होत्या. गरम पाण्याचा एक फाटा मागच्या मोरीला आणि एक खालच्या भाडेकरणीच्या न्हाणीला. मिस्त्री म्हणाला, लांब पाइपात पाणी गार होतं. खरं आहे, म्हणून पाइपाला लपेट घालून घेतला. आधी येणारं गार पाणी आम्ही बादलीत धरतो आणि ते तुळशीला जातं. जास्तीचा खर्च झाला तो घराच्या एकूण खर्चात कोणाच्या लक्षातही आला नाही. नवं घर बांधणाऱ्या, जुनं दुरुस्त करणाऱ्या बायांना माझं एवढंच सांगणं. टाकी कोणत्या कंपनीची घ्यायची ते घरातल्या पुरुषांना ठरवू दे. पाइप कुठंपर्यंत न्यायचा, ते मात्र मिस्त्रीसमोर उभं राहून तुम्ही सांगा.