शिवडी आणि हाडाचा क्षय

हाडांना आणि सांध्यांना होणाऱ्या क्षयात साधारण निम्मे रुग्ण पाठीच्या कण्याचे असतात. फुप्फुसातले जंतू रक्तावाटे मणक्याच्या पुढच्या भागात पोचतात, दोन मणक्यांमधली चकती झिजते, मणके पुढून खचतात आणि पाठीला कुबड येते. पू साचतो, पण नेहमीच्या गळवासारखा ठणकत नाही, वरची कातडीही तापत नाही. म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. कमरेच्या मणक्यातला पू स्नायूच्या वाटेने खाली सरकतो आणि जांघेत फुगवटा दिसतो. दुखणे पाठीत असते आणि रुग्ण जांघ दाखवायला येतो. छातीच्या भागातल्या मणक्यांतला पू मज्जारज्जूवर दाबला, तर पाय लुळे पडतात. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले. त्याला कारण असलेला जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगापुढे ठेवला तो १८८२ मध्ये.

मुंबईत या रोगाचे नाव शिवडीशी जोडले गेले, त्याचे मूळ शहराच्या रचनेत आहे. शिवडी म्हणजे मूळ बेटाची पूर्वेकडची कड: १६८० चा किल्ला, चिखलाची खाडी, मिठागरे. आर्थर क्रॉफर्ड पालिका आयुक्त असताना १८६५ मध्ये बागेची जमीन घेऊन इथे ख्रिस्ती दफनभूमी झाली. शेजारी वडाळ्याला १८९० मध्ये ॲक्वर्थ यांच्या नावाने ओळखले जाणारे कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान उभे राहिले. शहराला जे नजरेआड हवे होते, ते या बाजूला येत गेले, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. महापालिकेचे क्षयरोग रुग्णालयही इथेच, जेरबाई वाडिया मार्गावर आहे. हजाराच्या आसपास खाटांचे हे रुग्णालय लालबाग-परळच्या बोलीत नुसते ‘शिवडी’ होऊन बसले. ‘त्याला शिवडीला नेलंय’ एवढे म्हटले की पुढचे विचारायची गरज उरत नसे.

रोगाला खतपाणी मात्र गिरणगावात मिळाले. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे चाळी बांधल्या. शिवडीला बारा इमारती. खोली १६० चौरस फुटांच्या आसपास आणि तीत एक कुटुंब, अनेकदा गावाकडून आलेले दोन-चार पाहुणेही. काँक्रीटच्या भिंतींत हवा खेळायला जागा थोडीच होती. त्यात खोकला कापसाच्या धुळीचा की क्षयाचा, हेही चटकन ओळखू येत नसे.

औषध सापडेपर्यंत हाडाच्या क्षयावर उपचार म्हणजे ऊन, सकस अन्न आणि अंथरूण. स्वित्झर्लंडमधल्या लेझां इथे ऑग्युस्त रोलिये १९०३ पासून रुग्णांना डोंगरातल्या उन्हात निजवत. इकडे पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांचे बेल-एअर आणि मिरजेजवळ वानलेसवाडीचे आरोग्यधाम, ही त्याच वळणाची ठिकाणे. कण्याच्या रुग्णाला प्लास्टरच्या कवचात महिनोन्‌महिने पाठीवर झोपवून ठेवत. गिरणीतल्या बदली कामगाराला हे कुठून परवडणार? हजेरी बुडाली की पगार बुडाला.

१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन, मग पीएएस आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, आणि शल्यविशारदांचाही धीर वाढला. हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी छातीतून थेट मणक्यापर्यंत जाऊन सडलेले हाड काढायचे आणि जागी बरगडीचा तुकडा बसवायचा, अशी शस्त्रक्रिया रूढ केली. त्यांचा पहिला अहवाल १९५६ चा. निकाल डोळे दिपवणारे होते. पण त्यात चाकूचा वाटा किती आणि गोळ्यांचा किती, हे तुलनेवाचून कळणार नव्हते.

ती तुलना ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९६० च्या दशकात सुरू केली. ‘बरा’ म्हणजे काय, हे तिने आधी ठरवले: रुग्ण पूर्ण हिंडता-फिरता हवा, एक्स-रे फोटोत रोग थंडावलेला हवा, गळू किंवा वाहती जखम नको, मज्जारज्जूची तक्रार नको. कुबडाचा कोन वेगळा मोजायचा. कोरियातल्या मासानला अंथरुणात पडून राहिलेले आणि हिंडत-फिरत गोळ्या घेणारे रुग्ण सारखेच बरे झाले. तिथल्याच पुसानला प्लास्टरच्या कवचाने काही जास्तीचे साधले नाही. आफ्रिकेतल्या बुलावायोत नुसते सडके हाड खरवडून काढण्याचाही फायदा दिसला नाही. हाँगकाँगच्या मोठ्या शस्त्रक्रियेने मणके लवकर जुळले आणि कुबड कमी वाढले, एवढे तिच्या बाजूने उरले. महिनोन्‌महिने छताकडे पाहत काढलेल्या रुग्णांच्या पिढ्यांसाठी, पडून राहण्याची गरज नव्हती, हा निकाल फार उशिरा आला.

भारतात या प्रश्नाला पैशाची धार होती. मद्रासच्या १९५६ पासूनच्या अभ्यासाने फुप्फुसाच्या क्षयात घरचा उपचार आरोग्यधामाइतकाच गुणकारी ठरवला होता. १९७५ पासून तिथेच कण्याच्या रुग्णांवर सहा आणि नऊ महिन्यांचा आयसोनियाझिड-रिफाम्पिसिनचा कोर्स शस्त्रक्रियेशी ताडून पाहिला गेला. घरून येऊन गोळ्या घेणारे मागे पडले नाहीत. त्याच वर्षी वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी मधला मार्ग मांडला: सगळ्यांना औषधे, आणि चाकू फक्त पाय लुळे पडत असतील, औषधाने गुण येत नसेल किंवा कणा अस्थिर असेल तेव्हा. लहान मुलांचा धोका पुढे कोइम्बतूरच्या डॉ. एस. राजशेखरन यांनी दाखवून दिला. रोग बरा झाल्यावरही वाढीच्या वयात कुबड वाढू शकते. फोटोतल्या काही खुणांवरून अशी मुले आधीच ओळखता येतात.

औषधांवर भिस्त आली तशी त्यांची किंमतही मोजावी लागली. स्ट्रेप्टोमायसिनने कान जात. १९६० च्या दशकात आलेल्या इथॅम्बुटॉलचा मात्रेनुसार दृष्टीच्या नसेवर परिणाम होतो, आणि अनेकदा आधी लाल-हिरव्यातला फरक पुसट होतो. त्यामुळे हाडाच्या रुग्णाला डोळ्यांच्या तपासणीला बसवून ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे वाचायला लावतात. आकडा चुकला की गोळी थांबवण्याचा विचार होतो. वेळेत थांबवली तर नजर बहुधा परत येते.

औषधांना दाद न देणारा क्षय वाढला तसे शिवडीचे काम बदलले. बेडाक्विलिन या नव्या औषधाचा मर्यादित वापर २०१६ मध्ये देशात सहा ठिकाणी सुरू झाला, त्यांत शिवडी होती. सहा महिन्यांत संपणारा नवा चार औषधांचा कोर्स २०२४ मध्ये भारताने स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तो सुचवताना हाडे-सांधे, मेंदू आणि सर्वांगात पसरलेला क्षय मात्र वगळला होता. अशा रुग्णांच्या वाट्याला अजून लांबलेला कोर्सच येतो. त्यातले लिनेझोलिड दीर्घकाळ घेतल्यास दृष्टीच्या नसेला इजा करू शकते, म्हणून पाठीच्या फोटोबरोबर डोळ्यांची तपासणीही चालू ठेवावी लागते.