इंग्रजी चौथीची निवड

गेल्या जून महिन्यांत आमचे एक परिचित गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्या घरीं आले. मुलगा नुकताच आठवींत गेलेला. त्यास एका खासगी वर्गाच्या 'फाउंडेशन' शाखेंत घालावें कीं न घालावें, याविषयीं त्यांस आमचें मत हवें होतें. बारावीनंतर द्यावयाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी आतांपासूनच आरंभिली नाहीं तर मुलगा कायमचा मागें पडेल, असें त्या वर्गाच्या चालकांनीं त्यांस बजाविलें होतें. बोलतां बोलतां ते म्हणाले, "आमच्या पणजोबांच्या काळीं हें कांहीं नव्हतें. मॅट्रिक झालें कीं कॉलेजचें दार उघडें!" मुलगा तेवढा वेळ आमच्या कपाटांतील पुस्तकांवरचीं नांवें वाचीत उभा होता.

पणजोबांच्या काळाविषयींचा हा समज आमच्या सुशिक्षित वर्गांत सार्वत्रिक आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. कॉलेजचें दार मॅट्रिकच्या परीक्षेंत उघडत असे हें निर्विवाद. परंतु ज्यांच्यापुढें तें बंद व्हावयाचें त्यांच्यापुढें तें त्या परीक्षेच्या तीन वर्षें आधींच, इंग्रजी चौथीच्या वर्गांत, बंद होऊन गेलेलें असे. मॅट्रिकच्या निकालाचा इतिहास पुष्कळांनीं सांगितला आहे. इंग्रजी चौथीचा इतिहास फारसा कोणी सांगत नाहीं.

१८५४ च्या खलित्यास अनुसरून १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. सुमारें सव्वाशें उमेदवारांपैकीं वीस-बावीस काय ते उतरले. त्यांतच माधवराव रानडे व रामकृष्णपंत भांडारकर हे होते. आणि १८६२ सालीं या दोघांसह बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे चौघे विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. त्या परीक्षेचा मूळ हेतु अगदीं साधा होता. कॉलेजांत इंग्रजींतून होणारीं व्याख्यानें समजण्याइतकी या मुलाची तयारी झाली आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. परंतु लवकरच सरकारी कचेऱ्या तिचा दाखला मागूं लागल्या, व्यापारी पेढ्याही मागूं लागल्या, आणि ज्यास कॉलेजचें तोंडही पाहावयाचें नाहीं असा मुलगासुद्धां कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेस बसूं लागला. विद्यापीठाच्या हातीं शाळा चालविण्याची सत्ता नव्हती. पण शाळेच्या शेवटच्या दिवशीं काय विचारावयाचें हें त्याच्या हातीं होतें, आणि तेवढ्यानें काम भागलें. सातवींत जें विचारलें जाणार तें सहावींत घोटूं लागले, सहावीसाठीं पांचवींत, आणि होतां होतां ही घोकंपट्टी खालच्या वर्गांत उतरली.

आतां इंग्रजी चौथी म्हणजे काय, हें हल्लींच्या वाचकांस सांगितलें पाहिजे. मुलगा मराठी चार इयत्ता शिकून इंग्रजी पहिलींत जाई. इंग्रजीच्या इयत्ता सात. त्यांतील पहिल्या तीन मधल्या शाळेच्या व पुढील चार हायस्कुलाच्या. चौथींत आलेला मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असावयाचा, आणि त्या वर्गाच्या आरंभीं त्यास विचारीत, "दुसरी भाषा कोणती?" संस्कृत कीं फारशी, कीं क्वचित् लॅटिन? प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक. पण त्याच्या उत्तरावर पुढील सारें अवलंबून असे. कारण विद्यापीठाच्या परीक्षांत आरंभीं मराठीस जागा होती, ती १८६० नंतरच्या दशकांत वरच्या परीक्षांतून काढून घेण्यांत आली व तेथें अभिजात भाषा बसविण्यांत आल्या. पहिल्या तुकडींतून वर आलेल्या रानड्यांना ती मराठी परत आंत आणण्यासाठीं पुढें वर्षानुवर्षें खटपट करावी लागली. १९०१ सालीं एम्. ए. च्या परीक्षेंत तिला स्थान मिळालें, आणि त्याच वर्षाच्या जानेवारींत रानडे वारले.

या व्यवस्थेनें सर्वस्वीं वाईटच झालें असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. जुन्या पाठशाळेंत व्याकरणासच बारा वर्षें, अशी म्हण पडलेली; हायस्कुलांतील मुलाजवळ वर्षें चार, तींही गणित, इतिहास, भूगोल यांच्यांत वांटलेलीं. ही अडचण ओळखून भांडारकरांनीं संस्कृताचीं पहिलें व दुसरें अशीं दोन पुस्तकें रचिलीं. रूपें, संधि, थोडे शब्द, लगेच भाषांतर. पुन्हां थोडीं रूपें. परीक्षेच्या गरजेंतून जन्मलेलीं हीं दोन लहान पुस्तकें. पण ब्राह्मण भिक्षुकाच्या ओसरीवरून संस्कृत भाषा शाळेच्या बांकावर आणण्याचें जें काम त्यांनीं केलें, तें मोठमोठ्या ग्रंथांस साधलें नाहीं. नंतर १८८१ सालीं न्यू इंग्लिश स्कूलचे वामन शिवराम आपटे यांनीं संस्कृत रचनेवरचें आपलें पुस्तक विद्यार्थ्यांच्या हातीं दिलें. मॅट्रिकला संस्कृतांत सर्वांत वर येणारास नाना शंकरशेट यांच्या नांवाची शिष्यवृत्ति असे. ती आपल्या शाळेस मिळावी म्हणून हेडमास्तरांच्या ज्या चुरशी चालत, त्या पाहतां हल्लींच्या वर्गचालकांच्या जाहिराती आम्हांस अगदींच नव्या वाटत नाहींत.

परंतु त्या बांकावर बसावयास कोणास मिळालें?

मुंबईच्या सरकारी हायस्कुलांत शिकत असतां भीमराव आंबेडकर यांची संस्कृत घेण्याची फार इच्छा होती. अस्पृश्य मुलास संस्कृत शिकविण्यास शिक्षकांनीं नकार दिला, आणि निरुपायानें त्यांस फारशी घ्यावी लागली. त्यांच्या वडील बंधूंसही तोच अनुभव आला होता. शाळेचे नियम चाळून पाहिले तर हा मुलगा कोठेंही अडविला गेलेला दिसत नाहीं. तो वर्गांत होता, फी भरीत होता, १९०७ सालीं मॅट्रिकही झाला. गुण ७५० पैकीं २८२. अस्पृश्य समाजांतील मुलानें ही परीक्षा उतरावी हेंच तेव्हां एवढें अपूर्व होतें कीं त्याच्या अभिनंदनार्थ सभा भरली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनीं त्यास आपण लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें. बडोद्याच्या महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली, आणि १९१२ सालीं ते बी. ए. झाले. दार उघडलें, असेंच कोणीही म्हणेल. पण १९४६ सालीं शूद्र मूळचे कोण या विषयावरचा आपला इंग्रजी ग्रंथ त्यांनीं प्रसिद्ध केला, तेव्हां प्रस्तावनेंत त्यांस आपल्या संस्कृताच्या उणिवेचा उल्लेख करून, तें साहित्य आपण पंधरा वर्षें इंग्रजी भाषांतरांतून अभ्यासिलें आहे, असा खुलासा करावा लागला. जगांतील दोन नामांकित विद्यापीठांचा हा पंडित. शाळेच्या वर्गांत नाकारलेल्या एका विषयाचा जबाब चाळीस वर्षांनंतर देत होता, आणि जबाब ज्यांनीं द्यावयाचा ते कोणी देत नव्हते. ती प्रस्तावना आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस दरवर्षीं वाचावयास सांगतों.

धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट निराळी. त्यांना जातीची आडकाठी नव्हती. गरिबीची व कोंकणाची होती. मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठीं मुरूडहून साताऱ्यापर्यंत सुमारें एकशें दहा मैल ते भर पावसांत, घाट चढून, चार दिवसांत चालत गेले. आणि सतरा वर्षांचे दिसत नाहींत म्हणून परीक्षकांनीं त्यांस परत पाठविलें. इंग्रजी शिक्षण रखडत रखडत झालें; मॅट्रिक झाले ते १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं. त्या वयांत रानडे पदवीधर होऊन गेले होते! पुढें १९१६ सालीं याच कर्व्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें, तेव्हां त्याची प्रवेशपरीक्षा त्यांनीं स्वतंत्र ठेविली व शिक्षणाचें माध्यम मातृभाषा केलें. धाडस मोठें होतें. परंतु त्या परीक्षेच्या वाटेनें गेलेल्या मुलींच्या पदवीस कायद्याचें पाठबळ मिळावयास १९५१ साल उजाडावें लागलें, हेंही सांगितलें पाहिजे. त्याच्याही आधीं, १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें, त्या वेळीं मुलींस मुलांच्याच वाटेनें न्यावें काय, यावर 'केसरी'नें जो वाद माजविला त्याचा कडवटपणा आज वाचतांनाही जाणवतो.

चुका कोणास दिसल्या नाहींत असें नाहीं. १८८२ च्या हंटर कमिशननें हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन फांटे करावे, एक विद्यापीठाकडे जाणारा व दुसरा व्यवहाराकडे, अशी शिफारस केली. दुसऱ्या फांट्याकडे फारसें कोणी फिरकलें नाहीं. १९४८ च्या कायद्यानें शालान्त परीक्षेसाठीं मुंबई इलाख्यांत वेगळें मंडळ झालें व विद्यापीठाची मॅट्रिक संपली. १९७५ पासून दहावी आली, १९७७ पासून बारावी. नांवें पालटलीं. २०२४ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें सोळा वर्षांखालील मुलांस शिकवणीवर्गांत घेऊं नये अशी मार्गदर्शक सूचना काढली; आमच्या घरीं आलेला मुलगा तेरा वर्षांचा.

हें सारें आम्हीं त्या गृहस्थांस सांगितलें, अर्थात् इतक्या विस्तारानें नव्हे. त्यांनीं सौजन्यानें ऐकून घेतलें. जातांना आम्हीं मुलास विचारलें, "तुला कोणता विषय आवडतो?" तो वडिलांकडे पाहूं लागला. मग हळूच म्हणाला, "इतिहास." कपाटांतील एक पुस्तक त्यानें बाहेर काढून हातांत धरलें होतें, तें आम्हीं त्यास नेऊं दिलें. जिना उतरतां उतरतां गृहस्थ म्हणाले कीं वर्गाच्या फीचा पहिला हप्ता त्यांनीं आदल्याच आठवड्यांत भरला होता.