रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावर उभी राहिली, असं म्हणण्याआधी

दरवर्षी १ एप्रिल आला की आपल्या ग्रुपांवर एक संदेश फिरतो : भारतीय रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथावर उभी राहिली. पाठवणाऱ्याच्या भावनेवर आम्हाला शंका नाही. अर्थशास्त्रज्ञ आंबेडकरांची ओळख शाळा-कॉलेजात क्वचितच करून दिली जाते; मग ती अशा संदेशांतूनच होणार. पण या एका ओळीखाली बाबासाहेबांचं खरं म्हणणं झाकलं जातं, आणि ते म्हणणं फार धारदार आहे.

आधी घटनाक्रम. ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्ट १९२५ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदी चलन आणि वित्त यांच्या चौकशीसाठी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. १५ डिसेंबर १९२५ रोजी या आयोगासमोर बाबासाहेबांची साक्ष झाली. त्या वेळी ते मुंबईत वकिली करत होते आणि जोडीला एका अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला, १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. इथपर्यंत संदेशवाल्यांना जोडणी सोपी वाटते. पण चलनाच्या मूळ प्रश्नावर आयोगाने बाबासाहेबांची योजना घेतली नाही. त्याने सोन्याच्या लगडीवर आधारलेलं परिमाण सुचवलं. बाबासाहेबांना हवं होतं ते वेगळंच.

काय हवं होतं? १८९३ साली टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. तेव्हापासून चांदीचा रुपया पाडायचा की नाही, किती पाडायचा, हे सरकारच्या हातात गेलं. लंडनमध्ये राखीव निधी ठेवून रुपयाचा स्टर्लिंगशी भाव सांभाळायचा, ही रीत म्हणजे सुवर्ण विनिमय परिमाण. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या नावाजलेल्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या पुस्तकात तिची भलामण केली होती. बाबासाहेबांनी या रीतीवरच हल्ला चढवला. रुपया भरमसाट पाडला की त्याची खरेदीशक्ती घसरते, आणि पाडणाऱ्याला रोखणारं कायद्यात काही नाही, हा त्यांचा आक्षेप. म्हणून सोन्याचं नाणं चालवा, रुपया पाडणं सरकारलाही बंद करा, त्याची संख्या कायमची बांधून टाका, अशी मागणी त्यांनी केली. चलनाचा कारभार सरकारच्या हाती असू नये, बँकेच्या हाती धोका त्या मानाने कमी, कारण चुकीची झळ बँकेच्या स्वतःच्या मालमत्तेला बसते, असंही त्यांनी ग्रंथात मांडलं आहे. इथे अर्थशास्त्रज्ञ आणि कायद्याचा माणूस वेगळे काढताच येत नाहीत. सत्ताधाऱ्याची मर्जी कितीही शहाणी असो, तिला कायद्याचं कुंपण हवं, हा विचार चलनावर लिहितानाही सुटलेला नाही.

आता त्या काळी वर्तमानपत्रांतून गाजलेला वाद : रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स ठेवायचा की १ शिलिंग ६ पेन्स? म्हणजे १६ पेन्स की १८. ऐकायला किरकोळ. पण विलायतेत एक पौंडाला, म्हणजे २४० पेन्सला, माल विकणाऱ्याचा हिशेब मांडून पाहा. १६ पेन्सच्या दराने त्याच्या हाती १५ रुपये येतात, १८ च्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. त्यामुळे निर्यातदार आणि गिरणीमालक १६ साठी हट्ट धरून बसले. आयोगातले मुंबईचे बडे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडली ती याच बाजूने. सरकारला १८ सोयीचा, कारण विलायतेत भरायच्या रकमेला रुपये कमी लागत. साहजिकच १६ पेन्स म्हणजे राष्ट्रहित आणि १८ म्हणजे इंग्रजांचा कावा, असं चित्र रंगवलं गेलं.

बाबासाहेबांनी विचारलं, राष्ट्र म्हणजे कोण? उतरत्या दराने देशात किमती चढतात, मजुरी मात्र त्या वेगाने चढत नाही. मग व्यापाऱ्याच्या खिशात पडणारा जादा पैसा परदेशातून येतो की इथल्याच मजुराच्या ताटातून? त्यांचं उत्तर स्पष्ट होतं : हा देशाचा लाभ नव्हे, देशातल्या एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून काढलेला लाभ आहे. म्हणून त्यांचा कल १८ पेन्सच्या जवळ राहण्याकडे होता. ज्यांना एवढ्यावरून ते सरकारधार्जिणे वाटतात, त्यांनी सरकारच्या चलनपद्धतीवरचा त्यांचा हल्ला आधी वाचावा.

मार्च १९२७ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात १८ पेन्सवर शिक्कामोर्तब झालं. त्याच महिन्याच्या २० तारखेला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. आपण दुसरी तारीख पाठ करतो आणि पहिली अर्थतज्ज्ञांवर सोडून देतो.

या भूमिकेवर खरा आक्षेप घेता येतो, तोही सांगायला हवा. १९२९ नंतर जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. तेव्हा १८ पेन्सच्या दराने कापूस पिकवणाऱ्याच्या हाती आणखी कमी रुपये पडले, सावकाराचं देणं मात्र तेवढंच राहिलं. साक्ष त्याच्या आधीची, पहिल्या महायुद्धातल्या महागाईची आठवण ताजी असतानाची आहे. शिवाय गावगाड्यातल्या आपल्या माणसांना तेव्हा बलुतं आणि मजुरी बरीचशी धान्यातच मिळे. रुपयाच्या दराची झळ त्यांना गिरणीकामगाराइतकी थेट बसत नसावी, असं आम्हाला वाटतं. या मुद्द्यावर आपल्यातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काम करायला हवं. ग्रंथ आणि साक्ष, दोन्ही शासनाने काढलेल्या सहाव्या खंडात आहेत. साक्ष तर एका बैठकीत वाचून होते.

आजही ‘रुपया घसरला’ अशी बातमी येते. टीव्हीवर एक जण देशाची लाज काढतो, दुसरा निर्यातदारांचा फायदा मोजतो. खाद्यतेल आणि इंधन बाहेरून येतं, त्यांचे भाव चढतात. ठेक्यावरच्या सफाई कामगाराचा पगार मात्र करारात लिहिलेला तेवढाच राहतो. त्या चर्चेत त्याच्या वतीने बोलायला कुणाला बोलावलेलं आम्ही अजून पाहिलेलं नाही.